परागाची साक्ष

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात 'तृणद्रुम' असा एक शब्द येतो. तृणद्रुम म्हणजे गवताच्या वळणाचे झाड. सुपारी, ताड, नारळ, खजूर, शिंदी आणि त्यांच्याबरोबर केतकी, ही सगळी मंडळी अमरसिंहाने या एका नावाखाली बसवली आहेत. त्यांतल्या ताडाला तर 'तृणराज' असा किताबही मिळाला आहे. या शब्दामागचे निरीक्षण किती नेमके आहे! फांद्या नाहीत, खोडात वर्षावर्षाची वर्तुळे नाहीत, सोलून काढावी अशी साल नाही. झाडाची उंची असूनही अंगलट गवताची. आजचे वनस्पतिशास्त्रही या झाडांना गवताप्रमाणेच एकदल वनस्पतींमध्ये जागा देते.

मात्र तर्कशास्त्राने लक्षणाचे जे दोष सांगितले आहेत, त्यांच्या कसोटीवर हा शब्द घासून पाहिला की अडचण येते. केतकी, म्हणजे आपला केवडा, ताडामाडांच्या कुलातला नाही. त्याला आत घेतले की अतिव्याप्ती होते. उलट वेत हा त्याच कुलातला असून तो झाडासारखा उभा राहत नाही. दुसऱ्याच्या आधाराने वर चढतो. (शाळेत ज्या छडीने आमच्या पिढीचे हात लाल झाले ती छडीही नारळ-सुपारीची चुलत बहीणच होती, हे तेव्हा कोणी सांगितले नाही.) वेताला बाहेर ठेवले की अव्याप्ती होते. मग ताड, माड, शिंदी, सुपारी आणि वेत यांना एकत्र ठेवणारे आणि केवड्याला नेमके बाहेर ठेवणारे लक्षण शोधायचे कुठे?

मराठीच्या अध्यापिकेला हा प्रश्न का पडावा? त्याचे कारण साधे आहे. आमच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी मराठीत एक टिपण तयार केले आणि भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे दिले. विषय होता, परागकणांच्या लक्षणांवरून पामवृक्षांचे वर्गीकरण. मला ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे होते. पण टिपण वाचता वाचता मी व्याकरण विसरले. जो प्रश्न आपण एखाद्या अभंगाच्या कर्त्याविषयी, एखाद्या पोथीच्या काळाविषयी विचारतो, तोच प्रश्न तिथे एका धुळीच्या कणाला विचारलेला होता. कोणत्या खुणेवर विश्वास ठेवायचा, आणि कुठपर्यंत?

राहाता हा काही ताडामाडांचा मुलूख नव्हे. गोदावरीच्या उजव्या कालव्याचे पाणी, त्यावरचा ऊस आणि पेरूच्या बागा ही आमची ओळख. तरी डोळे उघडे ठेवले तर या कुलातली बरीच मंडळी इथे भेटतात. ओढ्याकाठी आणि बांधावर शिंदी आहे. बंगल्यांच्या आवारात हौसेने लावलेले नारळ आहेत. नगर–मनमाड रस्त्याने शिर्डीकडे जाऊ लागलो की हॉटेलांच्या दारात कॅरिबियन बेटांकडून आलेले रॉयल पाम पांढरी खोडे मिरवत उभे असतात. यांतली शिंदी तेवढी इथली. दिवाळीत लक्ष्मी म्हणून जिची पूजा होते ती केरसुणी तिच्याच पाल्याची. तिच्या खोडावर रसासाठी घातलेल्या जुन्या खाचा वर्षांचा हिशेब ठेवतात. नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. नराचा फुलोरा हलवला तर फिकट धूळ उडते. तीच आपली साक्षीदार.

ही धूळ किती बारीक? शिंदीचा परागकण साधारण वीस-पंचवीस मायक्रॉन लांबीचा. म्हणजे चाळीस-पन्नास कण एका रांगेत ठेवले तर एक मिलिमीटर भरतो. नारळाचा त्याच्या दुप्पट किंवा त्याहून थोडा मोठा, आणि ताडाचा नारळाच्या तोडीचा. सहकाऱ्यांनी एका दुपारी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली मला शिंदीचे कण दाखवले. चारशे पटींनी मोठे केल्यावर ते गव्हाच्या दाण्यासारखे दिसत होते. लांबट, आणि मधोमध एक खाच. अंकुरताना परागनलिका या खाचेतून बाहेर पडते. पामकुलातल्या बहुसंख्य वनस्पतींचे कण असेच एका खाचेचे असतात.

कणाभोवती जे बाह्यकवच असते ते निसर्गातल्या सर्वांत चिवट पदार्थांपैकी एका पदार्थाचे, स्पोरोपोलेनिनचे, बनलेले असते. स्वीडनच्या गुन्नार एर्टमान यांनी रूढ केलेली पद्धत अशी की, ॲसेटिक अनहायड्राइडचे नऊ भाग आणि तीव्र गंधकाम्लाचा एक भाग यांच्या मिश्रणात परागकण तापवायचे. आतले सगळे जळून जाते आणि कवच तेवढे उरते. त्यावरची नक्षी त्यानंतरच स्वच्छ दिसू लागते. आम्ही काव्याची परीक्षा अग्नीतल्या सोन्याच्या उपमेने सांगतो. इथे ती अक्षरशः आम्लात होते. परागकणांच्या या अभ्यासाला 'पॅलिनॉलॉजी' हे नाव १९४४ मध्ये मिळाले. मराठीत त्याला परागविज्ञान म्हणतात.

या विषयात एक महत्त्वाचे नाव आपल्या पुण्याचे आहे, हे टिपणातूनच कळले. प्रा. टी. एस. महाबळे यांनी आयुष्याचा मोठा भाग भारतीय पामवृक्षांना दिला. १९६३ मध्ये त्यांनी एम. व्ही. पार्थसारथी यांच्यासह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील 'फिनिक्स' प्रजातीवर, म्हणजे शिंदी-खजुराच्या गोतावळ्यावर, लेख लिहिला. १९६७ मध्ये पामकुलातील परागकणांवरचा त्यांचा छोटेखानी लेख परदेशी नियतकालिकात आला, आणि १९८२ मध्ये 'पाम्स ऑफ इंडिया' हे त्यांचे पुस्तक महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने पुण्यातून प्रसिद्ध केले. बाणेर-कोथरूडच्या टेकड्यांवर फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना 'झाड' हा एकच शब्द पुरतो. तिथेच कोणीतरी झाडाच्या धुळीची मापे घेत बसले होते, या कल्पनेने मला आजही बरे वाटते.

आता पुन्हा तृणद्रुमांकडे येऊ. परागकण काय सांगतो? केवड्याच्या कणावर लांब खाच नसते. एक गोल छिद्र असते. म्हणजे ज्या केवड्याला अमरसिंहाने आकारावरून आत घेतले, त्याला पराग बाहेरचा रस्ता दाखवतो. वेताच्या कणावर एकाऐवजी दोन खाचा असतात. ताडाच्या कणाच्या पृष्ठभागावर विरळ गाठी असतात, तर शिंदीच्या कणावर बारीक जाळी. आफ्रिकेतल्या स्क्लेरोस्पर्मा या पामाच्या कणाला चक्क तीन छिद्रे. आणि सगळ्यांत देखणा कण सुंदरबनातल्या खारफुटीत वाढणाऱ्या निपा या पामाचा. त्याच्या सभोवती कंबरपट्ट्यासारखी खाच फिरते आणि अंगभर काटे असतात. हा कण इतका वेगळा आहे की, साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या खडकांत तसा कण सापडला तरी जाणकार म्हणतात, इथे निपा होता, म्हणजे इथे समुद्रकाठची दलदल होती. मध्य प्रदेशात छिंदवाड्याजवळ मोहगाव कलान येथे दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात निपाची अश्मीभूत फळे मिळाली आहेत. आज जिथे समुद्राचा वासही नाही, तिथे. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या नवरगावच्या त्याच काळातल्या थरांत पामांची दगड झालेली खोडे सापडतात.

इथपर्यंत वाचून माझी जवळजवळ खात्री झाली होती की, हेच ते निर्दोष लक्षण. पान पाण्यावर बदलते, खोड रस काढणाऱ्याच्या कोयत्यावर बदलते. कालव्याकाठची शिंदी आणि कोरड्या बांधावरची शिंदी सख्ख्या बहिणी वाटत नाहीत. परागकण मात्र परागकोशाच्या पोटात, बाहेरचा वारा न लागता घडतो. त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत कोणती?

हरकत त्याच टिपणाच्या उत्तरार्धात होती. एक खाच हे पामांचे लक्षण म्हणावे, तर कमळासारख्या मोठ्या फुलांच्या मॅग्नोलियाला आणि लिलीच्या कुलातल्या कित्येक वनस्पतींनाही एकच खाच असते. अतिव्याप्ती. ते पामांचे लक्षण म्हणावे, तर वेत आणि निपा बाहेर पडतात. अव्याप्ती. तेलमाडाच्या कणावरची खाच तीन फाट्यांची असते. पण असा तीन फाट्यांचा कण इतर कित्येक पामांत नेहमीच्या एका खाचेच्या कणांबरोबरच, मधूनमधून उगवतो. म्हणजे एकाच झाडाची धूळ दोन प्रकारची साक्ष देते. काटे हे तर आणखी फसवे. ते निपावर आहेत, काही केवड्यांवर आहेत आणि दूरच्या कुलांतही आहेत. गरजेप्रमाणे ते पुन्हापुन्हा, स्वतंत्रपणे उगवलेले असतात. काट्यांवरून नाते सांगणे म्हणजे यमक जुळले म्हणून दोन कवितांचा कर्ता एक मानणे. म्हणून परागविज्ञानातले जाणकार एका कणावर बोलत नाहीत. अनेक फुलांतले, अनेक झाडांवरचे कण मोजतात, आणि खाच, नक्षी, कवचाची जाडी, आकारमान अशी लक्षणे एकत्र तोलतात. क्यू उद्यानातील मॅडलिन हार्ली यांनी विल्यम बेकर यांच्यासह २००१ मध्ये साऱ्या पामकुलातील परागकणांच्या खाचा-छिद्रांचा आढावा घेतला, तोही इतर पुराव्यांशी ताडून पाहत.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा तर त्याच्या पुढे आहे. पराग प्रजातीपर्यंत बऱ्यापैकी ठामपणे बोलतो. हा ताड, हा नारळ, हा शिंदी-खजुराच्या घरातला. पण त्या घरात शिरून ही शिंदी की हा खजूर असे विचारले, की त्याची वाचा बसते. फिनिक्स प्रजातीत १९९८च्या एका प्रबंधात तेरा जाती मानल्या गेल्या. त्यांचे परागकण एकमेकांशी इतके मिळतेजुळते आहेत की, केवळ त्यांच्या बळावर जात ठरवणे धोक्याचे. त्यात या जातींचा आपसांत संकरही होतो. कुलाविषयी आणि प्रजातीविषयी साक्ष देणारा कण जातीच्या उंबरठ्यावर थांबतो.

हे वाचताना मला आपल्या जिल्ह्यातलाच एक जुना वाद आठवत होता. नेवासे इथून दूर नाही. तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. १८९८-९९च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक'मध्ये लेख लिहून असा पक्ष मांडला की, ज्ञानेश्वरीचा कर्ता ज्ञानदेव वेगळा आणि अभंगांचा कर्ता ज्ञानदेव वेगळा. त्यांच्या पुराव्यांत दोन खुणा ठळक होत्या. अभंग विठ्ठलभक्तीने ओथंबलेले आहेत, ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा गजर नाही. आणि अभंगांची भाषा ओव्यांच्या भाषेहून अर्वाचीन दिसते. भिंगारकरबुवांनी त्याला उत्तर दिले, आणि हा वाद आजही एम.ए.च्या प्रश्नपत्रिकेत डोके वर काढतो.

आम्ही तो शिकवतो तो पक्ष-प्रतिपक्ष म्हणून. परागाच्या टिपणाने मला तो वेगळ्या तऱ्हेने शिकवायला सुचवले. प्रश्न कर्ता एक की दोन हा नंतरचा. आधीचा प्रश्न असा की, भाषेचे नवेपण हे लक्षण कोणत्या जातीचे? ते पानासारखे की परागासारखे? अभंग गळ्यात राहिले. सातशे वर्षे वारकऱ्यांच्या तोंडी घोळले. प्रत्येक पिढीने त्यांतले उकारान्त शब्द नकळत आपल्या वळणावर आणले. कालव्याच्या पाण्यावर शिंदीचे पान रुंदावे तसे हे आहे. ज्ञानेश्वरी पोथीत राहिली, तरी तीही अस्पर्श नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, एकनाथांना ती शुद्ध करावी लागली; आणि १९०९ मध्ये राजवाड्यांनी वेगळी जुनी पोथी छापून तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले, तेव्हा विभक्तिप्रत्यय आणि अंत्यस्वर यांसारख्या, लेखकाचे सहसा लक्ष न जाणाऱ्या खुणांवर भर दिला. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांच्या कवचात राहिले म्हणून त्यांतली जुनी रूपे तुलनेने टिकली, असे आपण शिकवतो, तेही याच तर्काने.

म्हणून भाषेच्या नवेपणावरून दोन ज्ञानदेव सिद्ध होत नाहीत. पण त्यावरून एक ज्ञानदेवही सिद्ध होत नाही, हे उत्तर माझ्या विद्यार्थ्यांना आवडत नाही. त्यांना निकाल हवा असतो. मी त्यांना सांगते की, हे लक्षण काळाविषयी आणि संक्रमणाविषयी बोलेल; कर्त्याच्या उंबरठ्यावर ते थांबेल. तिथून पुढे विचार, प्रतिमा, संप्रदायाच्या परंपरा असे दुसरे साक्षीदार बोलवा. त्यांनाही त्यांची मर्यादा विचारा.

आता ज्या शब्दापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले त्याविषयी. टिपणात कुल होते, प्रजाती होती आणि जाती होती. मराठी विश्वकोशापासून रूढ झालेलीच ही परिभाषा. पारिभाषिक संज्ञा शिकवताना मी ते टिपण तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला वाचायला दिले. एका मुलीने विचारले, "मॅडम, झाडांनासुद्धा जात चिकटवायची का?" वर्ग हसला, पण ती हसली नाही. तिच्या शेजारी अकोले तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातून आलेली एक विद्यार्थिनी बसली होती. ती एरवी फारशी बोलत नसे. ती म्हणाली, "आमची आजी फडे बांधायची. ओढ्याची शिंदी वेगळी आणि डोंगरावरची बुटकी शिंदी वेगळी. आजी नुसता पाला हातात घेऊन सांगते." मग क्षणभर थांबून म्हणाली, "पण आजीला कोण विचारणार? तिची जात तेवढी विचारतात."

मी ते सहकाऱ्यांना सांगितले. ते म्हणाले, आजी बरोबर आहे. सह्याद्रीतली बुटी शिंदी ही फिनिक्स प्रजातीतलीच निराळी जात आहे. म्हणजे ज्या उंबरठ्यावर परागकणाने साक्ष थांबवली, तिथून पुढे त्या आजीचा हात बोलत होता. पाल्याची लांबी, लवचीकता आणि बांधल्यावर तो किती दिवस टिकतो ही तिची लक्षणे. तिला लक्षणदोषांची नावे ठाऊक नव्हती, पण तिचा फडा सुटला तर अव्याप्ती कोणती ते गिऱ्हाईक तिला सांगत असे.

शास्त्रातली 'जाती' आणि समाजातली 'जात' यांत शब्द एक असला तरी पुराव्याची रीत नेमकी उलटी आहे, हे मला त्या दिवशी लख्ख दिसले. शास्त्रातली जाती सर्वांत शेवटी, सर्वांत सांभाळून आणि बदलाची तयारी ठेवून सांगितली जाते. नवा पुरावा आला की दोन जातींची एक होते, एकीच्या दोन होतात. समाजातली जात सर्वांत आधी, आडनावावरून, बसल्या जागी ठरते आणि नंतर कोणताही पुरावा तिला हलवू शकत नाही. केरसुणी बांधणे हा हाताला पडलेला धंदा होता. तो रक्ताचा गुण मानला गेला. कोयत्याची खाच परागावरची खाच म्हणून वाचली गेली.

हे अपरिहार्य नव्हते, याचा एक दाखला पामांच्याच इतिहासात आहे. लिनिअसने १७५३ मध्ये साऱ्या वनस्पती मुख्यतः पुंकेसरांच्या हिशेबाने मांडल्या, तेव्हा पाम त्या चौकटीत नीट बसेनात. त्याने त्यांना शेवटी परिशिष्टात ठेवले. त्या परिशिष्टासाठी त्याने ज्याचा आधार घेतला तो 'हॉर्टुस मलबारिकुस' हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये बारा खंडांत छापला गेला होता, आणि त्याच्या पहिल्या खंडाची सुरुवातच नारळापासून होते. त्या खंडात १६७५ सालची साक्षपत्रे छापली आहेत. एक रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांचे, नागरी लिपीत. दुसरे इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे, त्याच्या लिपीत. इट्टी अच्युतन एळवा समाजातला, म्हणजे परंपरेने माडावर चढून रस काढणाऱ्यांच्या समाजातला. ग्रंथाच्या माहितीचा मोठा भाग त्याच्या घराण्याच्या पोथ्यांतून आणि त्याच्या तोंडून आला. ज्याने सांगितले त्याचे नाव, त्याच्या अक्षरांत, कागदावर उमटले.

टिपण दुरुस्त करून मी परत दिले. 'जाती' हा शब्द बदलावा का, यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि तो तसाच ठेवला. शब्द बदलून दृष्टी बदलत नाही, आणि विद्यार्थ्यांना पुढे ग्रंथांत तोच भेटणार आहे. फिनिक्सच्या परिच्छेदाखाली मात्र एक वाक्य वाढवले आहे. 'या प्रजातीतील जाती परागकणांवरून खात्रीने ओळखता येत नाहीत. ओढ्याकाठची शिंदी आणि डोंगरावरची बुटी शिंदी यांतील भेद पाल्याच्या लांबीवरून व पोतावरून केरसुणी बांधणारे कारागीर करतात.' वाक्याच्या शेवटी कंसात माहिती देणाऱ्या व्यक्तीचे नाव आहे. ते इथे देत नाही, कारण त्यासाठी आजीची परवानगी टिपणापुरतीच घेतलेली आहे.